गोळ्या विसरणाऱ्याला बेफिकीर म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्ही झालेला माणूस वाळतो, खोकतो, त्याच्या अंगावर नागीण उठते, एवढं आपल्या बेळगाव भागात बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. ठाऊक असायला कारणही आहे. २००० नंतरच्या दशकात देशातल्या जास्त संसर्गाच्या जिल्ह्यांत बेळगाव, बागलकोट आणि विजापूर ही आपल्या बाजूची नावं होती. त्या काळात गावोगाव पथनाट्यं झाली, भिंती रंगल्या, शाळा-कॉलेजात भाषणं झाली. पण औषधाविना राहिलेला एचआयव्ही मेंदूवर काय करतो, याबद्दल मी आजवर ना कुठल्या भाषणात ऐकलं, ना कुठल्या फलकावर वाचलं. ते न कळल्यामुळे एका चांगल्या कारागिराचं काय झालं, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फोरमन होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. जे लिहितो ते माझ्या हाताखालच्या एका टर्नरकडे, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे, बघून, त्याच्या डॉक्टरांना विचारून आणि नंतर हा मजकूर त्यांच्याकडून तपासून घेऊन लिहितो आहे. त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी आहे. तिने हे पत्र मोठ्याने वाचलं, त्याने ऐकलं आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. नाव, गाव, कारखाना काही लिहीत नाही. लागण कशी झाली हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्याचा इथे संबंधही नाही.

हा माणूस सेंटर लेथवर होता. आता सगळीकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, आली, तरी दुरुस्तीची आणि सुट्या नगांची कामं अजून जुन्या लेथवरच होतात आणि तिथे हाताचंच कसब लागतं. हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडला आटे पाडण्यात त्याचा हात धरणारा आमच्या शेडमध्ये कुणी नव्हता. आटे पाडताना शेवटच्या टोकाला दोन हातांना एकाच क्षणी दोन कामं असतात. एका हाताने हाफनटचा दांडा सोडायचा, म्हणजे टूल पुढे सरकायचं थांबतं, दुसऱ्याने क्रॉस स्लाइड मागे घ्यायची, म्हणजे टूल नगापासून दूर होतं. जरा उशीर झाला की टूल रॉडच्या खांद्यावर आदळतं, टिप तुटते आणि नग भंगारात जातो. हे काम तो गप्पा मारत मारत करायचा.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या टिपा तुटायला लागल्या. एकदा दोनदा कुणाचंही होतं. पण रोज व्हायला लागलं तेव्हा मी शेजारी उभा राहून बघितलं. नजर बरोबर टोकावर असायची. सोडायची वेळ झाली हे त्याला कळायचं, चेहऱ्यावर दिसायचं, आणि हात त्यानंतर हलायचा. मायक्रोमीटर लावून माप वाचायचा, वहीपर्यंत जाईतो विसरायचा, परत येऊन पुन्हा लावायचा. वीस मायक्रॉनच्या आत काम करणारा माणूस तो. चहाच्या सुट्टीत कप हातात धरून बसायचा, चहा निवून जायचा. काही विचारलं तर उत्तर बरोबर यायचं, पण आपण दुसरं काही बोलायला लागल्यावर यायचं. पुढे शर्टाची बटणं खालीवर लागायला लागली आणि चालताना पाय फाकवून टाकायला लागला.

कारखान्यात अशा वेळी पहिला संशय दारूचा. त्याच्या तोंडाचा वास घेऊन झाला. वास येईना, तर "गांजा असेल" असं बोलणं सुरू झालं. त्याला मी स्वतः एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "मामा, हात माझं ऐकंना झालाय की वो." एवढंच. रडला नाही, चिडला नाही. पूर्वीचा तो अशा बोलण्यावर मशीन बंद करून घरी गेला असता. त्याचा राग, त्याची थट्टा, क्रिकेटचं वेड, सगळंच विझत चाललं होतं, आणि मला हाताइतकीच त्याची काळजी वाटत होती.

घरी वेगळंच चाललेलं. पोराची फी भरायला दिलेले पैसे तसेच खिशात घेऊन परत यायचा. नळ सोडून ठेवायचा. कुणी आलं तरी बोलायचा नाही. भावकीतल्या एकाने करणी सांगितली. देवरुषी झाला, अंगारा झाला, कोंबडं सुटलं. दुसऱ्या एका पाव्हण्याने "धारवाडला दाखवून आणा" म्हटलं, म्हणजे आपल्याकडे त्याचा अर्थ तिथलं मनोरुग्णालय. गाडीवरून पडून कपाळाला टाके पडले, त्या आठवड्यात त्याची बायको आमच्या घरी आली. बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगायचं हाय. बाहेर कळलं तर आमाला त्या गल्लीत ऱ्हायला येणार नाही." त्याला सात-आठ वर्षांपूर्वी गाठींचा टीबी झाला होता, त्या वेळच्या तपासणीत एचआयव्ही निघाला होता. तिची तपासणी तेव्हाही आणि नंतरही निगेटिव्ह आली.

गोळ्या सुरू झाल्या होत्या. पण त्या काळच्या सरकारी गोळीत एफाव्हिरेंझ नावाचं एक औषध असायचं. ती रात्री घ्यायची. काही जणांना त्याने गरगरतं, भलतीसलती स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड राहतं. पहिल्या पाळीला सातला मशीनवर उभं राहायचं, समोर फिरता चक, आणि डोकं जड. त्याने पाळी सकाळची असली की गोळी सोडायला सुरुवात केली. मग जास्त पगारावर गोव्यात वेर्ण्याला गेला. बायकोला वाटायचं तिकडे घेतो, आणि तिकडे त्याचं कुठे नावच नव्हतं. त्यात लॉकडाउन आला. अंगाने धडधाकट होता, वजन उतरलं नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एका सरकारी केंद्रातून दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्या राज्यातसुद्धा, नाव बदली करून घेता येतं हे त्याला माहीत नव्हतं. एफाव्हिरेंझची गोळी मागे पडून तिच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर असलेली, बहुतेकांना सोसणारी नवी गोळी आली होती, तेही नाही.

आता मी ज्यासाठी पेन हातात घेतलं ती गोष्ट. बायकोने त्याला परत केंद्रात नेलं. कुठल्या केंद्रात, सीमेच्या अलीकडच्या की पलीकडच्या, ते लिहीत नाही. तिथे रांगेतल्या लोकांसमोर त्याची खरडपट्टी निघाली. "तुम्हाला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, आम्ही काय करायचं?" तो ऐकत उभा राहिला, कारण तो आता कशालाच उत्तर देत नव्हता. गोळ्या दिल्या, पुढची तारीख दिली. गोळ्या त्याने कधी घेतल्या, कधी दोनदा घेतल्या, तारीख चुकवली. पुन्हा गेला तेव्हा पुन्हा तेच ऐकून आला, आणि त्याच्या कागदावर तो नियमित औषध न घेणारा रुग्ण ठरला.

गोळी वेळेवर घ्यायला काय लागतं? आज वार कोणता हे ध्यानात असावं लागतं. सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवावं लागतं. डबी संपत आली हे बघून रजा मागून ठेवावी लागते, गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढावे लागतात. औषधाविना राहिलेला एचआयव्ही मेंदूचं नेमकं हेच काम आधी खातो. म्हणजे औषध सुटलं म्हणून मेंदू मंदावला, मेंदू मंदावला म्हणून औषध आणखी सुटलं. अशा माणसाला बेफिकीर म्हणणं हा अन्याय आहे. पायाला प्लास्टर असलेल्याला आपण "धावत का नाहीस" म्हणून रागावत नाही.

हे मला समजलं ते बेळगावातल्या एका न्यूरोलॉजिस्टमुळे. त्याच्या बायकोबरोबर मीही गेलो होतो. डॉक्टरांनी कुठलं यंत्र लावायच्या आधी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, जितकं उघडता येईल तितकं उघडायचं आणि मिटायचं, होईल तेवढ्या भराभर. पाच सेकंद मोजले. निरोगी माणसाचं पाच सेकंदांत पंधराच्या आसपास किंवा जास्त होतं. याचं सहावर थांबलं, आणि तेही बोट पुरतं उघडत नव्हतं. मग टेबलावर मूठ, मग पालथा तळवा, मग हात करंगळीच्या कडेवर उभा, हा क्रम भराभर करायचा. मूठ झाली, तळवा झाला, तिसऱ्याला हात हवेतच राहिला. सुरुवातीला डॉक्टरांनी चार सोपे शब्द सांगून ठेवले होते, ते शेवटी विचारले. एक आठवला. दुसऱ्याला डॉक्टरांनी "ते एक जनावर होतं" अशी खूण दिली, तेव्हा आठवला. एवढीच परीक्षा. तिला एचआयव्हीतल्या स्मृतिभ्रंशाची आंतरराष्ट्रीय चाचणी म्हणतात, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. बारा गुणांची असते, दहा किंवा कमी आले तर पुढे सविस्तर तपासायचं. तिला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, पैसा लागत नाही, पाच मिनिटंही लागत नाहीत. अर्थात तेवढ्यावरून निदान होत नाही, पण कुणाला पुढे पाठवायचं ते कळतं. मी त्या खोलीत बसून हे बघत होतो आणि मनात येत होतं की हीच परीक्षा तो माझ्या शेडमध्ये रोज देत होता.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. हा विषाणू मेंदूत शेवटी शेवटी जातो असा समज चुकीचा. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसून मेंदूपर्यंत पोचतो. तिथे मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. त्यांत आणि रक्तवाहिन्यांच्या भोवतालच्या तशाच पेशींत तो घर करतो. विचार करणाऱ्या, हुकूम देणाऱ्या ज्या मज्जापेशी, त्यांना तो सहसा थेट शिवत नाही. पण बिघडलेल्या राखणदार पेशींतून दाह करणारे पदार्थ आणि विषाणूची प्रथिनं सतत पाझरत राहतात. त्यात मज्जापेशींचे एकमेकींशी असलेले जोड सुकत जातात. मी त्यांना विचारलं, म्हणजे गिअरचे दाते शाबूत आणि गिअरबॉक्समधल्या तेलातच किस पडला, असं का? ते म्हणाले, अगदी तसंच. तेल वेळेवर साफ केलं तर दाते वाचतात, तसंच वर्षानुवर्षं फिरत ठेवलं तर दातेही जातात.

जास्त मार बसतो तो मेंदूच्या खोलातल्या, हालचालींचा वेग राखणाऱ्या भागाला आणि मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंना. म्हणून म्हातारपणीच्या विसरभोळेपणापेक्षा हा आजार वेगळा दिसतो. याने कधी रस्ता चुकवला नाही, माणसं ओळखली नाहीत असं झालं नाही, बोलताना शब्द अडला नाही. गेलं ते चापल्य, लक्ष, एकामागून एक काम जुळवण्याची हिकमत आणि मनाची उभारी. बाहेरून बघणाऱ्याला तो आळशी, दारुडा किंवा उदास दिसतो.

दुसरंही त्यांनी बजावलं, ते वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. हा जो मेंदूचा बिघाड, तो महिन्या-महिन्यांनी हळूहळू येतो. पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला चार दिवसांत डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, ताप आला, फिट आली, एक बाजू लुळी पडली किंवा तो बरळायला लागला, तर ते निराळं. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो, टीबीचा असू शकतो, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूची गाठ असू शकते. तिथे एक रात्रही थांबू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. म्हणूनच याचा एमआरआय झाला आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. त्या पाण्याची भीती आपल्याकडे फार. "पाणी काढलं की माणूस अधू होतो" असं त्याच्या सासरच्यांनी सांगून तिला दोन दिवस अडवलं. ती तपासणी गरजेची होती, कारण आत बुरशीचा किंवा टीबीचा मेंदूज्वर असेल तर आधी त्याचं औषध सुरू करून एचआयव्हीच्या गोळ्या काही आठवडे पुढे ढकलाव्या लागतात. नाहीतर परत येणारी प्रतिकारशक्तीच मेंदूला सूज आणते. थायरॉइड, बी-१२, सिफिलिस हेही बघितलं गेलं, कारण मंदपणा त्यांनीही येतो. सगळं निगेटिव्ह. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला बदल होता आणि सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, शंभराच्या आत होता.

हा आजार डॉक्टरांना नवा नाही. अमेरिकेत १९८६ साली एड्सच्या रुग्णांतल्या या स्मृतिभ्रंशाचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आपल्या देशात चेन्नईला पहिले एचआयव्हीबाधित सापडले. तेव्हा औषधच नव्हतं. पहिलं औषध, झिडोव्ह्यूडीन, १९८७ साली मंजूर झालं, आणि तीन-तीन औषधं एकत्र देण्याचे उपचार १९९६ पासून रूढ झाले. त्याआधी एड्सच्या पुढच्या टप्प्यातल्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांना तीव्र स्मृतिभ्रंश व्हायचा. नियमित औषध घेणाऱ्यांत आता तो क्वचित दिसतो. सौम्य स्वरूपाचा मंदपणा मात्र गोळ्या घेणाऱ्यांतही काही जणांत राहतो, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती सुरुवातीलाच फार खाली गेली होती त्यांच्यात. आपल्या देशात मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळायला लागली, आणि २०१७ पासून सीडी-४ किती आहे हे न बघता निदान झालं की लगेच औषध सुरू करतात. म्हणजे तीव्र रूप आता मुख्यतः दोनच ठिकाणी उरलंय. एक, ज्यांची तपासणीच झाली नाही. दोन, ज्यांचं औषध मध्येच सुटलं. आणि आपल्या पट्ट्यात औषध सुटायला कारणं भरपूर. खानापूरकडची पोरं गोव्याला, निपाणी-चिकोडीकडची इचलकरंजी-पुण्याला, अथणीकडची ऊसतोडीला. त्यात ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून लांबच्या केंद्रात नाव घालायची रीत. दर खेपेला एक खाडा आणि गाडीभाडं.

त्याची गोळी नव्याने सुरू झाली ती रोज एकच आहे. ती आता त्याच्या हाती दिलेली नाही. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की बायको ती त्याच्या तळहातावर ठेवते, पाणी देते, तो गिळतो ते बघते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत रेघ मारते. पोराला ती रेघ कशाची ते ठाऊक नाही, त्याला वाटतं बाबांची बीपीची गोळी. दोन महिन्यांत चालणं सावरलं. चार महिन्यांनी एका संध्याकाळी त्याने तिच्यावर आवाज चढवला, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. ती मला हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती, कारण वर्षभरात तो कशावरच चिडला नव्हता. पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला. तसा तो राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

सगळं परत आलं असं मी लिहिणार नाही. आज तो स्टोअरला आहे. टूल देतो-घेतो, नोंद ठेवतो, नग मोजतो. मापं बरोबर लिहितो. आटे पाडायला मी एकदा त्याला जुन्या लेथवर उभं केलं, रिकाम्या नगावर. तीन पास झाले, चौथ्याला तो स्वतःच बाजूला झाला आणि म्हणाला, "नको मामा." जो भाग दीड-दोन वर्षं बिनऔषधाचा राहून गेला, त्याची ही किंमत. पहिल्या टिपा तुटल्या तेव्हाच रक्त तपासलं गेलं असतं तर कदाचित तो आज मशीनवर असता.

यावर काय करता येईल, ते मी इथल्या माणसाच्या अडचणी बघून सांगतो. औषध चुकवणारा रुग्ण परत आला की रागावण्याआधी ती बोटांची पाच मिनिटांची परीक्षा घ्या. गुण कमी आले तर गोळ्या त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका. त्याला विचारून, त्याच्या संमतीने, घरातलं एक माणूस जोडून घ्या. बायको नसेल तर बहीण, भाऊ, तेही नसतील तर आशा कार्यकर्ती. तारखा त्या माणसाला पाठ करायला सांगू नका, घरच्या माणसाच्या फोनवर आठवण द्या. तब्येत स्थिर झालेल्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे, ती त्याला स्वतः होऊन सांगा. आणि कुणी कामासाठी बाहेर जातोय असं कळलं तर नाव बदली करून देण्याचा कागद तिथल्या तिथे करून द्या.

भाषेचंही बोललं पाहिजे, आणि कृपा करून यावरून कुणी वाद उकरू नये. हा टर्नर कन्नड बोलतो, कारखान्यात सगळेच बोलतात, पण शाळा मराठी झालेली, कन्नड वाचता येत नाही. त्याला मिळालेला गोळ्यांचा कागद कन्नडमध्ये होता. धडधाकट मेंदूचा माणूस कुणाकडून तरी वाचून घेतो. मंदावलेला माणूस घडी घालून खिशात ठेवतो. इचलकरंजीला यंत्रमागावर गेलेल्या गोकाकच्या कन्नड कामगाराची मराठी कागदामुळे हीच गत होत असणार. चार शब्द लक्षात ठेवण्याची परीक्षा तर मायबोलीतच झाली पाहिजे. परक्या भाषेतले शब्द नाही आठवले, तर दोष मेंदूचा की भाषेचा हे डॉक्टरला तरी कसं कळणार? सीमेच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांत मराठी आणि कन्नड असा दुहेरी कागद ठेवायला फार खर्च येणार नाही.

माझ्या जुन्या क्षेत्रातल्या लोकांना, म्हणजे उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या मालकांना आणि सुपरवायझरांना वेगळं सांगतो. तिशी-चाळिशीतला हुशार कामगार काही महिन्यांत मंदावला, हात चुकायला लागला, गप्प झाला, तर त्याच्या तोंडाचा वास घेऊन थांबू नका. त्याला डॉक्टरकडे पाठवा, सुट्टी द्या. कुठल्या तपासण्या करायच्या ते डॉक्टर आणि तो बघतील. तुम्ही स्वतः एचआयव्हीची तपासणी सक्तीने करायला लावू शकत नाही, आणि रिपोर्ट काय आला हे विचारण्याचाही तुमचा अधिकार नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे एवढ्यावरून भेदभाव करून कुणाला कामावरून काढता येत नाही, आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमावा लागतो. किती ठिकाणी नेमलाय ते प्रत्येकाने आपल्या नोटीस बोर्डवर बघावं. आमच्या टर्नरला स्टोअरला घेतलं, पगार थोडा कमी झाला पण नोकरी राहिली. नोकरी राहिली म्हणून औषध राहिलं.

आणि घरच्यांना एवढंच सांगतो. देवाला कौल लावायचा तर लावा, मी अडवणार नाही, पण त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या, केंद्रात जाऊन रक्तही द्या. तिथे तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. आधीच निदान झालेलं आणि औषध सुटलेलं माणूस घरात असेल, तर त्याला पुन्हा घ्यायला केंद्र नाही म्हणू शकत नाही, कितीही वर्षं गेली असली तरी. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ हा फोन फुकट लागतो.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या बातम्या आणि रिबिनीचे फोटो छापून येतील, त्यांच्या शेजारी ती बोटांची परीक्षा चौकटीत छापावी. अंगठा-बोट कसं उघडायचं, मूठ-तळवा-उभा हात कसा करायचा, आणि मंदपणा दिसला तर कुठे जायचं, एवढाच मजकूर. चित्रांसाठी हातांचे फोटो मी काढून ठेवले आहेत, हात त्या टर्नरचेच आहेत. जागेअभावी ते जमणार नसेल तर तसं कळवावं, म्हणजे मी माझ्या खर्चाने मराठी-कन्नड पत्रक छापून नोव्हेंबरअखेर उद्यमबागेतल्या गेटांवर वाटायला घेईन.

आपला,
एक निवृत्त फोरमन, अनगोळ, बेळगाव
(पूर्ण नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्र दिला आहे. टर्नरच्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून माझंही नाव छापू नये.)